विनादांड्याची सायकल

राहाटगाव, अन्नपूर्णाआत्याचे घर
१२ जुलै १९३६

तीर्थरूप हिंमतकाकांना व कौशल्याकाकूंना इंद्रभानचा साष्टांग नमस्कार.

आठ दिवस हे पत्र मनातल्या मनात लिहितो आहे. मागणीचे पत्र लिहायला बसले की हात अडतो. तरी लिहितो, कारण आता न लिहून भागत नाही.

आत्या मला पोटच्या पोरासारखी वागवते. राहण्या-जेवण्याचा एक पैसा घेत नाही. सांधेदुखीने तिची बोटे आखडली आहेत, म्हणून दोन्ही म्हशींचे दूध काढून देणे मी आपणहून अंगावर घेतले. दूधवाला साडेसहाला येतो. तो गेला की मी निघतो. इथून अमरावतीचे आमचे कॉलेज चार मैल, आणि गणिताचा तास साडेसातला. गणिताचे प्रोफेसर हजेरी घेतात आणि दाराला आतून कडी लावतात. मी धापा टाकीत पोचतो तोवर कडी लागलेली असते. मग व्हरांड्यात उभे राहून बाहेरूनच आकडे ऐकायचे.

काका, शंभरातले पंचाहत्तर तास भरले नाहीत तर टर्म मिळत नाही. टर्म गेली की वर्ष गेले, आणि वर्ष गेले की नादारी, म्हणजे फीची माफी, गेली. नादारी गेल्यावर मला वडनेरला परत यावे लागेल, हे तुम्हाला सांगायला नको. बाबा वारल्यापासून तुम्हीच मला इथवर आणले. ते सगळे एका कडीपायी वाया जावे असे वाटत नाही.

सायकल असेल तर अर्ध्या तासात पोचतो. मी चौकशी केली आहे. नवी विलायती साठाच्या खाली नाही, तिचे नाव काढत नाही. नवी जपानी तीस-बत्तीसला मिळते. पण जुनी विलायती वीस-पंचविसात मिळाली तर ती जास्त टिकेल असे पोरे म्हणतात. पाहताना दांडे वाकलेले नसावेत, चाक उचलून फिरवले तर डुलू नये, ब्रेक लागावा आणि मागे पुस्तकांसाठी कॅरियर असावे. नांदुऱ्याला बदलीवर जाणारी माणसे सायकली विकतात असे ऐकतो. जमेल का ते कळवावे.

आपला,
इंद्रभान

*

वडनेर भोलजी
१९ जुलै १९३६

चिरंजीव इंद्रभान यास हिंमतरावाचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र काकूला वाचून दाखवले. ती म्हणाली, "पोरगं चालून चालून वाळून गेलं असंन, अन् तुमी लोकायचे बैलं पाहत बसा!" तेव्हा सायकल घ्यायची हे आमच्या घरी त्याच घटकेला ठरले. मला फक्त कोणती ते ठरवायचे आहे.

आता खरे सांगतो, सायकल मी आजवर पाहिली ती रस्त्याच्या कडेला सरून, तिला वाट देताना. पण बैल घेणे आणि सायकल घेणे यात मला फार फरक दिसत नाही. तीस वर्षे नांदुऱ्याच्या बाजारात लोक मला जनावर दाखवतात आणि मग पैसे मोजतात. दात पाहावे, खांदा पाहावा, चाल पाहावी. आणि सगळ्यात आधी हे पाहावे की विकणारा विकतो काऊन.

आपल्या धंद्याचा कायदा तुला लहानपणापासून ठाऊक आहे. जनावर चाचणीवर न्यावे, जुंपून पाहावे, आणि खोड निघाली तर तोंडावर सांगून परत करावे. खोड लपवून विकतो तो चोर, आणि खोड दिसूनही गप्प बसतो तो मूर्ख. सायकलीलाही मी हाच कायदा लावणार आहे.

तोवर चालत जा. आत्याच्या म्हशींना दुपारी सरकीची ढेप टाकत जा, दूध वाढेल.

हिंमतराव

*

वडनेर भोलजी
९ ऑगस्ट १९३६

चिरंजीव इंद्रभान यास आशीर्वाद.

सायकल मिळाली. नांदुऱ्याच्या दवाखान्यात सुभद्राबाई म्हणून नर्स आहेत. दिवाळीनंतर त्या नोकरी सोडून भावाकडे खांडव्याला जाणार. त्यांची ही विलायती सायकल. सहा वर्षे वापरलेली, पण रोजचे तेलपाणी आणि पावसात छपराखाली. गाव सोडून जाणारा माणूस विकतो तेव्हा त्यात सहसा लबाडी नसते.

सौदा बावीस रुपयांना ठरला. मी सवयीने उपरणे पुढे केले, खालून बोटे धरून भाव करायला. बाई हसल्या. म्हणाल्या, "हिंमतराव, हा बैलबाजार नव्हे, तोंडानं बोला." तोंडाने भाव करायची मला सवय नाही, एखादा रुपया जास्तच गेला असेल.

बनावट मला फार पसंत पडली. मधला आडवा दांडा नाहीच, त्यामुळे धोतर नेसून बसायचे तरी टांग उंच टाकावी लागत नाही. मागच्या चाकाला दोऱ्याची जाळी आहे, सोगा अडकत नाही. हँडल वर उचललेले आहे, पाठ वाकत नाही. कॅरियर आहे, घंटी आहे, दिवा आहे. नांदुरा ते वडनेर अशी पुरी चाचणी झाली, कुठे कुरकुर नाही.

उद्या रेल्वेने रवाना करतो, पावती सोबत आहे. बडनेऱ्याला जाऊन सोडवून घे. सुभद्राबाईंनी अजून पैसे घेतलेले नाहीत. म्हणाल्या, मुलाला महिनाभर वापरू द्या, पसंत नसेल तर परत आणा. नांदुऱ्याच्या दुकानात मी एक जपानीही पाहून ठेवली आहे, ओढूनताणून तीही जमेल. तेव्हा खोड असेल तर मोकळेपणी लिही. तुझ्या शब्दावर सौदा पक्का करीन.

हिंमतराव

*

राहाटगाव
२३ ऑगस्ट १९३६

तीर्थरूप काकांना साष्टांग नमस्कार.

सायकल सुखरूप पोचली. बडनेऱ्याहून ती मी राहाटगावला आणली आणि आत्याने ओवाळूनच घरात घेतली. पोळ्याला तर कमालच केली. सकाळी तिने सायकल धुतली, हँडलला हळद लावली, घंटीला गोंडा बांधला, आणि "हे बी वाहनच हाय, याले काऊन वगळाचं?" म्हणून मला बैलांच्या रांगेत तोरणाखाली सायकल धरून उभे केले. माझ्या वर्गातली गावची तीन पोरे समोरच होती.

दुसऱ्या दिवशी सायकलवर कॉलेजात गेलो. काय सांगू, आवारातली सगळी पोरे थांबून पाहत होती. अशी सायकल आमच्या कॉलेजात दुसऱ्या कोणाकडे नाही. चालते फार हलकी. ब्रेक उत्तम लागतो.

तुम्ही एवढे कष्ट घेतलेत. तुमच्या पारखीला कोण नाव ठेवणार? खोड नाही. सुभद्राबाईंचे पैसे द्यावेत.

इंद्रभान

*

वडनेर भोलजी
६ सप्टेंबर १९३६

चिरंजीव इंद्रभान यास आशीर्वाद.

तुझ्या पत्राने जीव थंड झाला. दुसऱ्याच दिवशी नांदुऱ्याला जाऊन सुभद्राबाईंच्या हाती बावीस रुपये दिले. त्यांनी तुझे पत्र वाचायला मागितले. वाचून त्यांनी पत्राची नीट घडी घातली आणि म्हणाल्या, "मुलगा मोठ्या मनाचा दिसतो." मला बरे वाटले. दुकानातली जपानी दुसऱ्याने नेली, तिची आता गरजही नाही.

काकूने पारावर सांगून टाकले की आमचा इंद्रभान आता प्रोफेसराच्या आधी पोचतो. हजेरीचा आकडा किती झाला ते कळव. लोक विचारतात.

हिंमतराव

*

राहाटगाव
२७ सप्टेंबर १९३६

तीर्थरूप काकांना नमस्कार.

पत्राला उशीर झाला, माफी असावी. अभ्यास पुष्कळ आहे. हजेरीचा आकडा अजून लागलेला नाही, लागला की कळवीन. आत्याची एक म्हैस आटत आली आहे. काकूंच्या हातच्या ठेच्याची आठवण येते. सायकल चांगली आहे.

इंद्रभान

*

राहाटगाव
११ ऑक्टोबर १९३६

हिंमता, तुले अन्नपूर्णाचा रामराम. नेहमी माहं पत्र इंद्रभान लिहिते, पण हे त्याच्यापासून लपून हाय, म्हणून शाळंतले उत्तमराव मास्तर लिहून राह्यले. म्या त्याहीले म्हणलं, मी बोलतो तसंच लिहा, कालेजवानी लिहू नका.

पोरगं रोज सकायी दूध काढून, सायकल हाती धरून घरातून निघते. मले वाटे, वेशीबाहेर जाऊन तिच्यावर बसत असंन. परवा मी शेषरावच्या संत्र्याच्या मळ्यात काड्या आणाले गेलो, तं झोपडीत सायकल उभी! वरून पोतं झाकेल. शेषराव म्हणते, "आत्याबाई, पोळ्यापासून रोज इथंच ठेवते अन् पायी पयत जाते. सांजी येते अन् धरून घरी नेते." हिंमता, चार मैल पयत जाते रे पोरगं, सायकल असून!

मग म्या त्याच्या वर्गातल्या एका पोराच्या मायले विचारलं. ते म्हणे, एकच दिवस नेली होती कालेजात. पोरं लय हासले. "बाई आली, बाई आली" म्हणून चिडवलं. दुपारी बाहेर येऊन पाह्यते तं हँडलले कोणं हिरव्या बांगड्या टांगेल. अन् माही हयद होतीच लावेल, ते पाहून तं त्याहीले ऊतच आला. हिंमता, ते बायकांची सायकल हाय म्हणते. तुले मालूम नव्हतं का बापा? मले तं दोन चाकं दिसले का सायकल.

पोरानं मले एक शब्द सांगतला नाही. ताकाले जाऊन भांडं लपवते, अगदी तुह्यावानी. मीही त्याले विचारलं नाही. आता हजेरीचं काहीतरी झालं म्हणते, ते मास्तर लिहितीन. पोरावर रागावशील तं माह्याशी गाठ हाय.

ता. क. — बाईंनी सांगितले तसे लिहिले. मी कॉलेजच्या कारकुनाकडे चौकशी केली. गणितात ज्यांची हजेरी कमी आहे त्यांच्या यादीत चि. इंद्रभानचे नाव आहे. टर्म दिवाळीपूर्वी संपते. सोमवार १९ तारखेपासून शेवटपर्यंत एकही तास चुकला नाही तरच पंचाहत्तर भरतात. तोवर सुट्टी आहे. — उत्तमराव, शिक्षक

*

वडनेर भोलजी
१४ ऑक्टोबर १९३६

चिरंजीव इंद्रभान यास आशीर्वाद.

आत्याने मला सगळे कळवले आहे. तिच्यावर आणि मास्तरांवर रागावू नकोस. आधी मला राग आला. मग गोठ्यात बसून विचार केला, तेव्हा राग कोणावर यायला हवा ते समजले.

तुला वाटले, काका फसला. अडाणी माणूस, बैलापलीकडे काय कळते, कोणी बाईची सायकल गळ्यात मारली आणि हा खुशीत घेऊन आला. तीस वर्षांच्या पारख्याला 'तू फसलास' असे कसे सांगावे म्हणून तू 'खोड नाही' लिहिलेस आणि पळत कॉलेजात गेलास. हेच ना? तुला मी अंगाखांद्यावर खेळवले आहे, तुझी चाल मला समजते. निदान समजते असे वाटत होते.

तर ऐक. ती बायकांची सायकल आहे हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. सुभद्राबाईंनीच सांगितले. म्हणाल्या, "हिंमतराव, कॉलेजातली मुलं हसतील बरं का." मी म्हणालो, बाजारात जनावराची चाल पाहतात, आधीचा मालक बाई होता की बाप्या हे कोणी विचारत नाही. आणि चाचणी घेतल्याशिवाय मी आजवर काही घेतले नाही. म्हणून मीच बसलो.

हो, मीच. चोपन्नाव्या वर्षी. दवाखान्यामागच्या आवारात चार दिवस शिकलो. सुभद्राबाई मागून सीट धरायच्या, आणि दवाखान्यातले आजारी खाटांवरून उठून खिडकीत यायचे. तिसऱ्या दिवशी निवडुंगाच्या कुंपणात शिरलो. काटे तुझ्या काकूने काढले, आणि प्रत्येक काट्याला एक शिवी दिली. पाचव्या दिवशी नांदुऱ्याहून वडनेरपर्यंत एकटा आलो. मोटारस्टँडवरची माणसे पोट धरून हसली. वेशीत पुंजाजी ओरडला, "अबे हिंमत्या, आता लुगडं कवा नेसतं?" मी म्हटले, "तू पायी घरी पोच, तोवर नेसून बसतो!" आणि घंटी वाजवत पुढे निघालो. इंद्रभान, खरे सांगतो, इतकी मजा मला कित्येक वर्षांत आली नव्हती.

हे तुला लिहिले नाही. पडल्याचे कोण लिहितो? आणि बायकांची सायकल आहे हेही लिहिले नाही, कारण मला ती खोडच वाटली नाही. तिथे मी चुकलो. जू कुठे टोचते ते ज्याच्या मानेवर आहे त्याला विचारावे, ठेवणाऱ्याने ठरवू नये. मला हसले ते माझ्या गावचे लोक होते, त्यांना मी तीस वर्षे ओळखतो. तू परक्या गावात, एकोणीस वर्षांचा, एकटा. तू वडनेरचा पोर म्हणून हसण्याला भीक घालणार नाहीस, असे मी घरबसल्या धरून चाललो. मुलखाचे बैल पारखले आणि घरचे पोर पारखता आले नाही. मला याचे वाईट वाटते. फार वाईट वाटते.

आता पुढचे. सायकल रेल्वेने परत पाठव, मी इथे वापरीन. तुझ्यासाठी जपानी सांगून ठेवली आहे, पण दुकानदार म्हणतो माल यायला पंधरा-वीस दिवस लागतील. आणि मास्तर लिहितात की सोमवारपासून एकही तास चुकता कामा नये. तेवढे दिवस कसे जायचे ते तू ठरव. मी काही सांगणार नाही. आत्याची म्हैस कोणी शेजाऱ्याने काढून दिली तर तेही बघ. टर्म गेली तरी घर तुझेच आहे, आणि मी तुला एक शब्द बोलणार नाही, एवढे लक्षात ठेव.

तुझा,
हिंमतकाका

*

राहाटगाव
५ नोव्हेंबर १९३६

तीर्थरूप काका आणि काकू, दोघांना साष्टांग नमस्कार.

मुद्द्याचे आधी लिहितो. काल यादी लागली. टर्म मिळाली. गणितात बरोबर पंचाहत्तर भरले, त्यावर एकही नाही. कारकून म्हणाला, "थोडक्यात वाचलात." नादारी कायम आहे. काकूंनी आता पारावर खुशाल सांगावे.

काका, तुम्ही ओळखलेत तसेच सगळे झाले होते. पण एक गोष्ट तुम्ही माझ्या बाजूने जास्त चांगली धरलीत. तुमचे मन दुखेल म्हणून मी गप्प राहिलो, हे अर्धेच खरे. उरलेले अर्धे असे, की मला तुमची लाज वाटली. बांगड्या टांगल्या त्या दिवशी व्हरांड्यात उभा राहून मी मनात म्हणालो होतो, माझ्या माणसांना एवढेही कळू नये? हे लिहिताना मान वर होत नाही. मला माफ करा.

तुमचे पत्र शनिवारी आले. मी ते मळ्यातल्या झोपडीत बसून वाचले. निवडुंगापाशी पोचलो तेव्हा एकटाच मोठ्याने हसलो, शेषराव धावत आला. आणि पुढचा कागद वाचून रडलो, तेव्हा तो बिचारा बाहेर निघून गेला. पोते काढून सायकल तिथेच पुसली, चाकांत हवा भरली. म्हैस काढायला शेजारी मिळाले असते, पण मी कोणाला विचारले नाही.

सोमवारी दूधवाला गेल्यावर घरातूनच सायकलवर निघालो. आत्या ओट्यावर उभी राहून पाहत होती. रस्त्यात वर्गातली ती तीन पोरे भेटली, त्यांच्या पुढे निघून गेलो. कॉलेजच्या फाटकाशी बोरीच्या झाडाखाली नेहमीचा घोळका होता. सायकल दिसताच त्यांनी सूर धरला, "बाई आली, बाई आली." परत फिरावेसे वाटले, खोटे कशाला सांगू? पण मी वळलो नाही. सरळ त्यांच्यासमोर जाऊन उतरलो आणि तिथेच सायकल झाडाला टेकवली. एक खामगावचा पोरगा आहे, आवाज मोठा. त्याने विचारले, "कोन्या बाईची सायकल उचलून आणली बे?"

जपानी मागवली असेल तर दुकानदाराला नको म्हणून सांगा. आणि ही सायकल मी परत पाठवत नाही, तुम्हाला हवी असेल तर दिवाळीत घरी येतो तेव्हा चार दिवस वापरा.

मी त्या खामगावच्या पोराला म्हणालो, "बाईची नाही. माह्या काकाची हाय."

तुमचा,
इंद्रभान